गर्भिणीच्या जेवणाच्या वेळा आणि रक्तातील साखर

गर्भवती स्त्रीने काय खावे, याविषयीच्या उपदेशाची आपल्याकडे कधीच वानवा नव्हती. चरकसंहितेच्या शारीरस्थानात महिन्यागणिक आहार सांगितला आहे. घरोघरच्या वडीलधाऱ्या बायकांपाशी डोहाळे, पथ्य आणि वर्ज्यावर्ज्य यांचे पिढ्यानुपिढ्या चालत आलेले ज्ञान आहे. आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवरील तक्त्यांतही पालेभाज्या, दूध, डाळी, अंडी व फळे यांची यादी ठळक अक्षरांत लिहिलेली आढळते. परंतु हे सारे केव्हा खावे, एका खाण्यापासून दुसऱ्या खाण्यापर्यंत किती अवधी जावा, रात्रीचे जेवण आणि सकाळची न्याहारी यांच्यामध्ये पोट किती तास रिकामे राहिलेले चालेल, या प्रश्नांना त्या यादीत बहुधा जागा नसते. ज्या स्त्रीला गर्भावस्थेत मधुमेह झाला आहे किंवा होण्याचा संभव आहे, तिच्या बाबतीत तर हे प्रश्न पदार्थांच्या निवडीइतकेच महत्त्वाचे आहेत, असे गेल्या साठ वर्षांतील संशोधन पाहता म्हणावे लागते. त्या संशोधनाचा एकत्र विचार करावा, त्यातील परस्परविरोध न लपविता मांडावा, आणि आपल्या घरांतील वहिवाटीशी त्याचा मेळ कोठे बसतो व कोठे बसत नाही हेही पाहावे, एवढ्यासाठी हा प्रपंच.

प्रथम शरीराची बाजू. माता दिवसातून तीन-चार वेळा जेवते, पण गर्भ मात्र वारेतून अहोरात्र ग्लुकोज घेत असतो. या दोघांचा मेळ बसावा म्हणून निसर्गाने मातेच्या शरीरात मोठाच फेरफार योजला आहे. गर्भारपणाच्या उत्तरार्धात वारेतून निघणाऱ्या संप्रेरकांमुळे मातेचे स्नायू व मेद इन्शुलिनचा हुकूम पूर्वीसारखा मानीनासे होतात. प्रसूती जवळ येईपर्यंत हा प्रतिसाद निम्म्याच्या आसपास उतरतो, आणि जेवणानंतरची साखर रक्तात अधिक वेळ रेंगाळून गर्भाच्या वाट्याला येते. निरोगी स्त्रीचे स्वादुपिंड दुपटीहून अधिक इन्शुलिन स्रवून ही तूट भरून काढते. ज्या स्त्रीच्या स्वादुपिंडाला तेवढी ताकद नसते तिची साखर मर्यादेबाहेर जाते, आणि त्या अवस्थेलाच गर्भावस्थेतील मधुमेह म्हणतात. ही वाढलेली साखर वार ओलांडून गर्भाकडे जाते, मातेचे इन्शुलिन मात्र जात नाही. म्हणून गर्भाचे स्वतःचे स्वादुपिंड जादा इन्शुलिन निर्माण करू लागते, मूल मेदाने वाढते, प्रसूती अवघड होते, आणि नाळ कापताच साखरेचा पुरवठा थांबला तरी बाळाच्या रक्तातील इन्शुलिन तसेच राहिल्यामुळे त्याची साखर एकाएकी धोकादायक रीतीने खाली येते. कोपनहेगनचे यॉर्गेन पेडरसन यांनी १९५० च्या दशकात मांडलेली ही उपपत्ती आजही या विषयाचा पाया मानली जाते.

या फेरफाराची दुसरी बाजू मात्र फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. जेवणानंतर गर्भिणीची साखर जशी अधिक चढते, तशीच उपाशी राहिल्यावर ती इतरांपेक्षा लवकर उतरते, कारण माता जेवो वा न जेवो, गर्भाचे घेणे चालूच असते. साखर उतरली की मातेचे शरीर मेद जाळू लागते आणि रक्तात कीटोन नावाची द्रव्ये वाढतात. शिकागोचे नॉर्बर्ट फ्रेंकेल यांनी या अवस्थेचे वर्णन वेगाने येणारी उपासमार असे केले. आणि त्यांचे सहकारी बॉइड मेट्झगर यांनी १९८२ साली ‘द लॅन्सेट’ मध्ये एक साधा पण मार्मिक प्रयोग प्रसिद्ध केला. शेवटच्या तिमाहीतील निरोगी स्त्रियांचा रात्रीचा उपास त्यांनी अठरा तासांपर्यंत लांबविला, म्हणजे व्यवहारात पाहिले तर केवळ सकाळची न्याहारी चुकविली. तेवढ्यानेच त्यांची साखर गर्भवती नसलेल्या स्त्रियांच्या मानाने स्पष्टपणे घसरली आणि कीटोन वाढले. पुढे १९९१ साली अमेरिकेतील रिझो व त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भारपणातील कीटोनांचे प्रमाण आणि मुलांच्या बौद्धिक चाचण्यांतील गुण यांचा व्यस्त संबंध दाखविला. एवढ्यावरून कीटोन हेच त्या फरकाचे कारण होते असे सिद्ध होत नाही, परंतु गर्भिणीला दीर्घ उपास घडू देऊ नयेत, या जुन्या सल्ल्याला त्याने बळकटी आणली, हे खरे.

साखर किती चढली म्हणजे रोग म्हणावा, या प्रश्नाचा इतिहास मी थोडक्यात आटोपतो. बोस्टनमधील ओ’सलिव्हन आणि महान यांनी १९६४ साली घातलेली पहिली मर्यादा मातेला पुढे मधुमेह होईल किंवा कसे, एवढाच विचार करून ठरविलेली होती. बाळाचा विचार केंद्रस्थानी आला तो २००८ मध्ये, जेव्हा नऊ देशांतील सुमारे पंचवीस हजार गर्भवतींची पाहणी प्रसिद्ध होऊन असे दिसून आले की साखर आणि बाळाचे अतिरिक्त वजन यांच्यात निश्चित अशी सीमारेषाच नाही, आणि रोग म्हणण्याच्या कितीतरी खालच्या पातळीपासून धोका क्रमाक्रमाने वाढत जातो. भारतातील एकही केंद्र त्या पाहणीत नव्हते, ही उणीव मोठी आहे. त्या पाहणीच्या आधारावर २०१० मध्ये उपाशीपोटी ९२, ग्लुकोज प्यायल्यावर एका तासाने १८० आणि दोन तासांनी १५३ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या मर्यादा सुचविल्या गेल्या, व जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये त्या स्वीकारल्या. उपचाराने खरोखर लाभ होतो काय, या शंकेचे निरसन ऑस्ट्रेलियातील एक हजार स्त्रियांवरील चाचणीने २००५ मध्येच केले होते: आहार, तपासणी व गरजेप्रमाणे इन्शुलिन मिळालेल्या गटात बाळांवरील गंभीर आपत्तींचे प्रमाण चार टक्क्यांवरून एक टक्क्यावर आले.

भारताने मात्र तपासणीचा वेगळा मार्ग पत्करला, आणि आपल्या विषयाशी त्याचा थेट संबंध आहे. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या आणि त्यांचे सहकारी यांनी पुरस्कारिलेल्या पद्धतीत स्त्रीने शेवटचे कधी खाल्ले याची चौकशीच करावी लागत नाही. ती ज्या स्थितीत दवाखान्यात आली असेल त्याच स्थितीत पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज तीनशे मिलिलिटर पाण्यात विरघळवून द्यावयाचे आणि दोन तासांनी साखर १४० किंवा अधिक भरली तर निदान पक्के समजावयाचे. सरकारी मार्गदर्शिकेने हीच पद्धत स्वीकारली असून पहिल्या भेटीत एकदा व चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात पुन्हा एकदा ती करावी असे सांगितले आहे. आंतरराष्ट्रीय मर्यादांशी ताडून पाहिल्यास या पद्धतीत काही रुग्ण निसटतात, असा तिच्यावरचा आक्षेप आहे व तो निराधार नाही. तरीही पहाटेची एस.टी. धरून, दोन कोस चालून, कडेवर एक मूल घेऊन आलेल्या स्त्रीला ‘उद्या उपाशीपोटी या’ म्हणून परत पाठविले तर ती पुन्हा येतेच असे नाही, हे ज्यांनी ग्रामीण दवाखान्यात पाहिले आहे ते या तडजोडीची किंमत जाणतात. सगळ्याच स्त्रियांच्या हाती स्वतःच्या जेवणाची वेळ नसते, ही गोष्ट या तपासणीच्या रचनेतच गृहीत धरलेली आहे. उपचाराच्या रचनेत ती तितकी धरलेली दिसत नाही.

आता मुख्य विषयाकडे येऊ. साखर दिवसाच्या कोणत्या क्षणी मोजावी, हा त्यातील पहिला वाद, आणि तो बराचसा निकालात निघालेला आहे. इन्शुलिनची गरज पडलेल्या सहासष्ट गर्भवतींवर अमेरिकेत झालेल्या आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निम्म्या स्त्रियांची साखर जेवणापूर्वी व निम्म्यांची जेवणानंतर एका तासाने मोजून त्यावर औषधाचे प्रमाण ठरविण्यात आले. पहिल्या गटातील ४२ टक्के बाळे गर्भवयाच्या मानाने अवाजवी मोठी निघाली, दुसऱ्या गटातील १२ टक्के. स्त्रियांची संख्या थोडी असली तरी फरक इतका ठसठशीत होता की जेवणोत्तर मोजणी हा तेव्हापासून शिरस्ताच पडला. उपाशीपोटी ९५ च्या खाली, जेवणानंतर एका तासाने १४० च्या खाली आणि दोन तासांनी १२० च्या खाली, ही उद्दिष्टे आज बहुतेक ठिकाणी मान्य आहेत.

दुसरा वाद न्याहारीचा. निरोगी, गर्भवती नसलेल्या माणसाची साखर पचविण्याची शक्ती सकाळी सर्वांत चांगली आणि रात्री मंद असते. म्हणून ‘सकाळी भरपूर, रात्री बेताचे’ हा नियम त्याला लागू पडतो. गर्भावस्थेतील मधुमेहात मात्र उलट अनुभव येतो. पहाटे वाढणारी कॉर्टिसॉलसारखी संप्रेरके आणि वारेची संप्रेरके यांचा एकत्र परिणाम होऊन न्याहारीनंतरची साखरच दिवसभरात सर्वांत हट्टी ठरते. पीटरसन आणि योवानोविच यांनी १९९१ मध्ये असे दाखविले की जेवणोत्तर साखर काबूत ठेवावयाची तर पिष्टमय पदार्थांतून येणारी ऊर्जा न्याहारीत सुमारे ३३ टक्के, दुपारी ४५ आणि रात्री ४० टक्क्यांपर्यंत असावी. याच्या उलट दिशेला बोट दाखविणारा एक लहानसा प्रयोग अलीकडे डेन्मार्कमध्ये मोजक्याच स्त्रियांवर झाला; त्यात पिष्टाचा मोठा वाटा सकाळी दिला असता उपाशीपोटीची साखर सुधारली, पण दिवसभरातील चढउतार वाढले. या दोन निष्कर्षांत वरवर दिसतो तितका विरोध मला वाटत नाही. रात्रीचा आहार हलका झाला की पहाटेची साखर खाली येते, आणि सकाळचे पिष्ट वाढले की न्याहारीनंतरची वर जाते. एकाच आहाराची ही दोन फळे आहेत. म्हणून कोणत्या वेळची साखर बिघडली आहे ते पाहून त्या त्या स्त्रीसाठी वाटणी ठरवावी, हेच इष्ट. जिची न्याहारीनंतरची साखर चढते तिने कांदेपोह्यांची भरलेली ताटली एकदम न घेता अर्धी घ्यावी, जोडीला मोडाची उसळ, दही किंवा उकडलेले अंडे ठेवावे, चहातील साखर सोडावी, आणि उरलेले पोहे अडीच-तीन तासांनी खावेत. एवढ्या बदलाने आकडा उतरल्याचे पुष्कळदा दिसते.

तिसरा वाद सर्वांत बिकट आहे: थोडेथोडे पण वारंवार खावे, की मोजके खाऊन रात्रीचा अवकाश मोठा ठेवावा? अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांची संघटना आणि आपली सरकारी मार्गदर्शिका या दोन्ही तीन जेवणे व मधली दोन-तीन खाणी असाच सल्ला देतात, आणि शेवटचे खाणे झोपण्यापूर्वीचे असावे असा बहुतेक आहारतज्ज्ञांचा आग्रह असतो. याच्या समोर सिंगापुरातील एक पाहणी ठेवली पाहिजे. तेथील चिनी, मलय आणि भारतीय वंशाच्या एक हजारांवर गर्भवतींच्या खाण्याच्या वेळा टिपून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत रात्रीचा उपास जितका दीर्घ तितकी उपाशीपोटीची साखर कमी, आणि दिवसातील खाण्याच्या खेपा जितक्या अधिक तितकी ग्लुकोजनंतर दोन तासांची साखर जास्त, असे आढळले. मात्र हे अंतर फार अल्प होते: उपासाच्या प्रत्येक तासामागे अर्ध्या मिलिग्रॅमइतके, आणि खाण्याच्या प्रत्येक खेपेमागे पावणेतीन मिलिग्रॅमच्या आसपास. शिवाय ही पाहणी होती, प्रयोग नव्हता. वारंवार खाणाऱ्या स्त्रिया काय खात होत्या यावरही पुष्कळ अवलंबून असते. प्रागमध्ये २०१४ साली चौपन्न मधुमेही रुग्णांवर झालेल्या प्रयोगात दिवसातून दोनदा भरपेट जेवणाऱ्यांची स्थिती सहा वेळा थोडेथोडे खाणाऱ्यांहून सरस ठरली, आणि त्याचा दाखला हल्ली वरचेवर दिला जातो. परंतु त्यात एकही गर्भवती स्त्री नव्हती, आणि ज्या शरीराला अठरा तासांच्या उपासात उपासमारीची अवस्था गाठते त्या शरीराला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावणे मला गैर वाटते. सोळा तास उपास व आठ तासांत जेवण ही आज शहरांतून बोकाळलेली पद्धत गर्भारपणात आचरण्यास पुराव्याचा आधार नाही, आणि जिला त्याची हौस असेल तिने ती प्रसूतीनंतरच्या काळासाठी राखून ठेवावी.

या साऱ्याचा मेळ घालून पाहता माझे मत असे झाले आहे की खाण्याच्या खेपांच्या संख्येपेक्षा रात्रीच्या दोन टोकांकडे अधिक लक्ष दिले पाहिजे. रात्रीचे जेवण आठच्या सुमारास आणि हलके. झोपताना गरज वाटल्यास बिनसाखरेचे दूध किंवा मूठभर भाजलेले चणे व शेंगदाणे. आणि त्यानंतर आठ ते दहा तासांच्या आत न्याहारी. मधली खाणी ही भुकेसाठी व साखरेचे ओझे विभागण्यासाठी आहेत, आधीच्या जेवणात भर घालण्यासाठी नाहीत, हे मात्र नीट समजावून सांगावे लागते; कारण ‘दोन जिवांचे आहे’ म्हणून प्रत्येक मधल्या वेळेला शिऱ्याची वाटी पुढे येणारी घरे थोडी नाहीत.

आणि येथेच हा विषय प्रयोगशाळेतून स्वयंपाकघरात येतो. आपल्याकडील मध्यमवर्गीय घरातील, आठव्या महिन्यातल्या एखाद्या सुनेचा दिवस पाहावा. साडेसहाला साखरेचा चहा व खारी. मग नवऱ्याचा डबा, सासऱ्यांच्या पूजेची तयारी, थोरल्या मुलाची शाळा, आणि यांतून सवड काढून पोहे ताटलीत पडेपर्यंत दहा वाजतात. दुपारचे जेवण सर्वांचे उरकल्यावर दोनला. पाचला पुन्हा चहा-बिस्किटे. आणि रात्री नवरा परत येईपर्यंत थांबून साडेदहाला पान वाढले जाते, ज्यात दिवसातला सर्वांत मोठा भात असतो. अकराला अंथरूण. या वेळापत्रकात उपाशीपोटीची साखर ९५ च्या वर राहिली तर नवल नाही. पण औषधांच्या चिठ्ठीवर त्यावर उतारा म्हणून गोळ्या लिहिल्या जातात आणि साडेदहाचे जेवण तसेच राहते. तिला ‘आठला जेवा’ म्हणून सांगणे सोपे आहे. सर्वांच्या आधी एकटीने ताट वाढून घेणे तिला तिच्या घरात किती अवघड आहे, याचा विचार सल्ला देणाऱ्याने केला पाहिजे, आणि शक्य असेल तेव्हा नवऱ्याला व सासूबाईंना समोर बसवून तोच सल्ला त्यांना दिला पाहिजे.

उपासांचेही असेच. संकष्टीला चंद्रोदय होईपर्यंत, म्हणजे बहुधा रात्री नऊच्या आसपासपर्यंत, जेवण नाही. दिवसभर चहा, दुपारी साबुदाण्याची खिचडी, संध्याकाळी रताळ्याचा कीस. साबुदाणा हा जवळजवळ शुद्ध पिष्टाचा पदार्थ, प्रथिने नावालाच. तेव्हा अशा दिवशी लांबलेला उपास आणि चढलेली साखर हे दोन्ही दोष एकाच तिथीला घडतात. हरतालिकेचा निर्जळी उपास तर गर्भारपणात पूर्णपणे टाळावा. गर्भिणी, बालक, वृद्ध व रुग्ण यांना व्रताच्या कडकपणातून मुभा देण्याची आपली परंपरा जुनी आहे, आणि इस्लामी शास्त्रकारही गर्भवतीला रोजे पुढे ढकलण्याची मुभा देतात. वडीलधाऱ्यांनी स्वतः होऊन ती मुभा बोलून दाखविली तर स्त्रीच्या मनावरचे दडपण उतरते. ज्यांना व्रत सोडवतच नाही त्यांनी राजगिरा, दही, शेंगदाण्याची आमटी व थोडी भगर असे दर तीन तासांनी घ्यावे.

याहून कठीण स्थिती ऊसतोडीच्या फडावर आहे. दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातून कारखान्यांकडे जाणाऱ्या कोयत्यांमध्ये, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या जोड्यांमध्ये, गर्भवती स्त्रियाही असतात. पहाटे अंधारात उठून भाकऱ्या थापावयाच्या, उजाडण्यापूर्वी फडात उतरावयाचे, आणि गाडी भरली जाईपर्यंत खाण्याची वेळ कोणती हे मुकादम व कारखान्याची पाळी ठरविणार. त्यांना आहारतक्ता देण्यात अर्थ नाही. कामाच्या जागी जेवणाची सुटी आणि फडावर येणारी आरोग्यसेविका, हीच तेथील खरी आहारचिकित्सा होय.

आपल्या स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत केलेल्या अभ्यासात बाळांचे वजन सरासरी पावणेतीन किलोच्याही किंचित खाली भरले, परंतु त्या लहान देहांत स्नायूंच्या मानाने मेद टिकून होता. साखर उतरविण्याच्या घाईत आधीच अर्धपोटी असलेल्या स्त्रीचे अन्न तोडले, तर एका संकटातून दुसऱ्यात जाणे होईल. याउलट मुंबईच्या झोपडवस्त्यांत झालेल्या एका चाचणीने आशेला जागा दिली आहे: गर्भधारणेच्या आधीपासून रोज पालेभाजी, फळे व दूध यांपासून केलेला खाऊ ज्यांना मिळाला त्यांच्यात गर्भावस्थेतील मधुमेह ७.३ टक्के आढळला, तर बटाटा-कांद्यासारख्या भाज्यांचा खाऊ मिळालेल्यांत १२.४ टक्के. लाभाचे श्रेय खाऊतील घटकांना आहे हे उघडच. पण रोज एका ठरलेल्या केंद्रावर जाऊन, घरातील कोणाचीही वाट न पाहता, स्वतःसाठी काही खाण्याची तजवीज तेथे झालेली होती, हेही मला दुर्लक्ष करण्यासारखे वाटत नाही.

जेवणानंतरच्या चालण्याविषयी फार लिहिण्याची गरज नाही. दहा-पंधरा मिनिटांच्या शतपावलीने स्नायू रक्तातील साखर उचलतात, आणि डॉक्टरांनी विश्रांती सांगितली नसेल तर ती प्रत्येक जेवणानंतर करावी. आहाराने दोन आठवड्यांत दोन तासांची साखर १२० च्या खाली आली नाही तर सरकारी मार्गदर्शिकेप्रमाणे मेटफॉर्मिन किंवा इन्शुलिन सुरू होते, आणि मग वेळ पाळणे ही जिवाची गोष्ट होते: न्याहारीपूर्वी अर्धा तास सुई टोचून घेतली आणि पाहुणे आले म्हणून न्याहारी लांबली, तर साखर ७० च्या खाली जाऊन घाम, थरथर, भोवळ असे प्रकार होतात. अशा स्त्रीने साखरेची पुडी जवळ बाळगावी. प्रसूती होऊन वार पडताच इन्शुलिनची गरज बहुतेकींची त्याच दिवशी ओसरते. तथापि सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी करणे अगत्याचे आहे, कारण या स्त्रियांना पुढे मधुमेह होण्याचा संभव इतरांच्या सातपटीहून अधिक असल्याचे २००९ मधील एका मोठ्या एकत्रित अभ्यासात दिसून आले.

पुराव्यातील मोठी पोकळी आहे ती भारतीय जेवणाच्या वेळांवर, भारतीय गर्भवतींवर, नीट आखलेल्या प्रयोगांची. दंडावर लावावयाच्या, चोवीस तास साखर टिपणाऱ्या यंत्रांमुळे असे प्रयोग करणे आता पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. ते होईपर्यंत एक तरतूद विनाखर्च करता येईल. दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी केंद्रांवर गर्भवतींची तपासणी होते व प्रत्येकीच्या कार्डावर वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि साखर यांची नोंद होते. त्या साखरेच्या आकड्याशेजारी आदल्या रात्री जेवण किती वाजता झाले, आज न्याहारी किती वाजता झाली, आणि घरात तिच्या आधी कोण कोण जेवले, असे तीन रकाने वाढवावेत, आणि आरोग्यसेविकेने ते आकडा लिहिण्यापूर्वी भरावेत.